अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल आणि रस्त्यात उभा असलेला ट्रक

सह्यकडा

नवी गाडी घेतलेल्या ओळखीच्या बऱ्याच जणांकडून एकच वाक्य ऐकतोय. "सेल्समन म्हणाला, हायवेला लागलात की बटण दाबा आणि पाय काढून घ्या, पुढचं गाडी बघते." या वाक्यामुळे माणसं मरू शकतात. ते कसं, हे सविस्तर लिहावं म्हणून हा धागा.

साधा क्रूझ कंट्रोल आपण ठरवलेला वेग धरून ठेवतो. अ‍ॅडॅप्टिव्ह (पुढे एसीसी म्हणतो) त्याच्या जोडीला पुढच्या गाडीपासूनचं अंतरही राखतो. पुढचा हळू झाला की हळू होतो, पुढचा निघून गेला की पुन्हा ठरलेल्या वेगावर जातो. आपल्याकडे २०२०-२१ मध्ये एमजी ग्लोस्टर, महिंद्रा एक्सयूव्ही ७०० अशा गाड्यांमधून ही सोय लोकांच्या नजरेत भरली आणि आता मधल्या किमतीच्या गाड्यांतही सर्रास मिळते. सोय चांगली आहे, मी स्वतः वापरतो. पण ती चालत्या गाडीच्या मागे चालण्यासाठी बनवलेली आहे. रस्त्यात आधीपासून उभी असलेली गाडी ओळखून थांबण्याची सक्ती तिच्या आंतरराष्ट्रीय मानकातही नाही. आयएसओ १५६२२ मध्ये उभ्या वस्तूला प्रतिसाद द्यायचा की नाही हे कंपनीवर सोडलंय. देत नसेल तर तसं गाडीच्या पुस्तकात लिहा, एवढीच अट.

असं का, हे रडार कसं चालतं ते बघितल्यावर कळतं. रडारला समोरच्या वस्तूचं अंतर कळतं आणि ती आपल्याकडे किती वेगाने येतेय हेही अचूक कळतं. ती वस्तू कसली आहे हे मात्र त्याला फारसं कळत नाही. आता आपण १०० ने जाताना रस्त्यावरची आणि रस्त्यालगतची प्रत्येक उभी वस्तू आपल्याकडे १०० नेच येत असते. दिशादर्शक फलकाची कमान, पुलाचा कठडा, क्रॅश बॅरिअर, पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी, कुठेतरी पडलेला पत्रा, सगळंच. नेहमीच्या रडारचा उंचीचा अंदाज कच्चा असतो. दीडशे मीटरवरून डोक्यावरची कमान आणि कमानीखाली उभा असलेला ट्रक यांतला फरक त्याला खात्रीने सांगता येत नाही. प्रत्येक कमानीला गाडीने ब्रेक मारला तर मागचा येऊन आदळेल. म्हणून सॉफ्टवेअर उभ्या वस्तूंचे बरेचसे संकेत बाजूला टाकतं आणि जी वस्तू आधी चालताना दिसली आहे तिच्यावर भरवसा ठेवतं. पुढची गाडी आपल्यासमोर हळू होत होत थांबली, तर एसीसी छान थांबवतो. कारण ती पहिल्यापासून त्याच्या नजरेत होती. टायर फुटून अर्ध्या तासापासून लेनमध्ये उभा असलेला ट्रक त्याच्या दृष्टीने कठड्याच्याच जातीचा असू शकतो.

कॅमेरा जोडीला असेल तर बरंच सुधारतं. पण कॅमेऱ्याला गाडीची पाठ ओळखायला शिकवलेलं असतं. दोन दिवे, दोन चाकं, मधे नंबरप्लेट, चौकोनी आकार. रात्री दोन वाजता मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टरवर चिखल, ताडपत्री लोंबतेय, भुसा चारी बाजूंनी बाहेर आलाय, अशी पाठ समोर आली की त्या शिकवणीची परीक्षा असते.

सगळ्यात वाईट प्रसंग पुढची गाडी बाजूला सरकण्याचा. तुम्ही १०० ने एका उंच एसयूव्हीच्या मागे आहात, अंतर दीड सेकंदाचं, म्हणजे साधारण ४२ मीटर. एसयूव्हीवाल्याला उभा ट्रक दिसतो, तो ऐन वेळी लेन बदलून निसटतो. तुमच्या एसीसीला काय दिसतं? पुढची गाडी गेली, रस्ता मोकळा झाला. मग तो वेग वाढवायला घेतो. तुम्हालाही ट्रक त्याच क्षणी पहिल्यांदा दिसतो, कारण तोवर एसयूव्हीने तो झाकलेला होता.

थोडा हिशोब. १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. करकचून ब्रेक मारला, कोरडा रस्ता, चांगले टायर, तर थांबायला साधारण ४८ मीटर लागतात. यात ट्रक दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ धरलेला नाही. दीड सेकंद धरला तर आणखी ४२ मीटर, एकूण ९०. एसीसी करकचून ब्रेक मारतच नाही. हायवेच्या वेगाला त्याने सरासरी ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग यापेक्षा जोरात वेग उतरवायचा नाही, अशी मर्यादा त्याच मानकात आहे. तेवढ्या ब्रेकने १०० वरून थांबायला ११० मीटर लागतात आणि १२० वरून जवळपास १६०. म्हणजे उभा ट्रक ओळखला जरी, तरी समृद्धीवरच्या वेगाला तो दीडशे मीटरच्याही आधी ओळखला पाहिजे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. धडकेच्या प्रकारांत सर्वाधिक अपघात मागून आदळण्याचे होते. आपल्याकडे बंद पडलेलं वाहन लेनमध्येच उभं राहतं, मागे दगड आणि झाडाची फांदी ठेवली की झालं. अशा रस्त्यांवर आपण जी सोय वापरतोय तिची सर्वात कच्ची बाजू नेमकी उभं वाहन हीच आहे. हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही म्हणून इथे लिहिलं.

घाट, पाऊस, दुचाक्या यांबद्दल लिहिण्यासारखं बरंच आहे. ज्यांना अनुभव आहे त्यांनी भर घालावी.

बोरघाट

उत्तम धागा. पण एक शंका. माझ्या गाडीत एसीसीबरोबर ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंगही आहे. एसीसीने उभा ट्रक सोडला तरी ते पकडेलच ना? मग एवढी भीती का?

रडारवाला

@बोरघाट, मी पुण्यात याच क्षेत्रात काम करतो, म्हणून जरा नेमकं सांगतो. या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, जरी रडार आणि कॅमेरा तेच असले तरी. एसीसी आरामाची सोय आहे, तो लवकर आणि हलका ब्रेक लावतो. इमर्जन्सी ब्रेकिंग (एईबी) मुद्दाम उशिरा जागं होतं, धडक एक-दोन सेकंदांवर आल्यावर. कारण विनाकारण करकचून ब्रेक लागला तर तोच अपघाताला कारण होईल, त्यामुळे आम्हाला आधी खात्री करून घ्यावी लागते. १०० च्या वेगाला एक-दोन सेकंद म्हणजे २८ ते ५६ मीटर. त्यात गाडी पूर्ण थांबेल याची हमी कोणी देत नाही. बऱ्याचदा धडक होते, पण कमी वेगाने होते. तोही मोठाच फायदा आहे, जीव वाचतात. पण 'पकडेलच' हा शब्द त्याला लावू नका.

शिवाय उभ्या गाडीसाठी एईबी किती वेगापर्यंत काम करतं हे प्रत्येक गाडीच्या पुस्तकात वेगळं दिलेलं असतं. युरो एनकॅपच्या (गाड्यांच्या सुरक्षेच्या चाचण्या घेऊन तारे देणारी युरोपातली संस्था) २०२३ च्या नियमावलीतही उभ्या गाडीवरची चाचणी ताशी ८० किमीपर्यंतच होती. तीसुद्धा दिवसाढवळ्या आणि नेहमीच्या कारच्या आकाराच्या लक्ष्यावर. मागे सळया बाहेर आलेला ट्रक तिथे ठेवत नाहीत.

आणखी एक. आपल्याकडे लोक 'पाच तारे आहेत' म्हणून निर्धास्त होतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपचे तारे मुख्यतः धडक झाल्यावर आतली माणसं किती सुरक्षित राहतात ते सांगतात. एसीसी किती चांगला आहे याचा त्या ताऱ्यांशी संबंध नाही.

वऱ्हाडी पाहुणा

राजेहो, समृद्धीवर नियमित ये-जा करणारा माणूस आहे मी, नागपूर ते संभाजीनगर. धागाकर्त्याने लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे.

त्या रस्त्यावर कारला १२० ची परवानगी आहे. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना तेच कुंपण, तेच शेत. तासाभराने माणसाचा मेंदू सुस्तावतो. त्यात एसीसी लावला की हातापायांना काही कामच उरत नाही. आणि उभी वाहनं? टायर फुटलेली, डिझेल संपलेली, झोप काढायला थांबलेली, आणि अर्धा देह लेनमध्ये. १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. रस्त्यात थांबलेल्या ट्रकवर भाविकांची मिनीबस मागून आदळली, १२ माणसं गेली. तो ट्रक आरटीओच्या लोकांनी थांबवला होता असा आरोप होऊन अटकही झाली. त्या मिनीबसला एसीसी असण्याचा प्रश्नच नाही, पण उभं वाहन आणि रात्र यांचं गणित तेच आहे.

आमच्याकडे दुसरा धोका रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा. कुंपण असूनही कुठून तरी आत येतात. रोही आडवा धावत आला तर एसीसीकडून काही अपेक्षा ठेवू नये. तो पुढे त्याच दिशेने चाललेली वाहनं शोधतो, आडवं जाणारं जनावर त्याच्या हिशेबातच नाही.

मी काय करतो ते सांगतो. दिवसा मोकळ्या रस्त्यावर १०० लावतो, १२० नाही. रात्री लावतच नाही.

अनघा_कोल्हापूर

रात्री न लावण्याबद्दल पूर्ण सहमत. आमच्याकडे तर गळीत हंगामात दिवसाही विचार करावा लागतो. नोव्हेंबर ते मार्च ऊस वाहतूक चालते. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी आणि मागे हात-दीड हात बाहेर आलेला. रडार बंपरच्या उंचीवर असतो. त्याला ट्रॉलीचा आस किंवा चेसी दिसत असेल, पण ऊस त्याच्याही बराच मागे आलेला असतो. वेग २० आणि आपण ९० ला. एसीसीने ओळखलं तरी फार जवळ गेल्यावर ब्रेक लावतो असा माझा अनुभव आहे. म्हणजे मला पाय ब्रेकवर ठेवावाच लागतो, आणि ठेवलेला असतोच.

दुचाकीचा मुद्दा वेगळा लिहायला हवा. रडारला दुचाकी बारीक दिसते. त्यात ती लेनच्या मधोमध चालत नाही, कडेने चालते. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत डावीकडून घुसते. सर्वात कमी अंतराची सेटिंग ठेवली तरी आपल्याकडे मधे कोणीतरी घुसतंच, आणि जास्त अंतर ठेवलं तर घुसण्यासाठी आमंत्रणच. मग एसीसी एकदम ब्रेक लावतो आणि मागचा हॉर्न मारतो. मागे ट्रक असेल तर मला पुढच्यापेक्षा मागच्याची जास्त धास्ती वाटते.

सह्यकडा

@अनघा, अंतराच्या सेटिंगबद्दल माझं स्पष्ट मत आहे की एका रेघेवर, म्हणजे सर्वात कमी अंतरावर, कधीच ठेवू नये. सर्वात कमी सेटिंग बहुतेक गाड्यांत एका सेकंदाच्या आसपास असते. १०० ला ते २८ मीटर. माणसाची प्रतिक्रियाच दीड सेकंद धरली तर पाय ब्रेकवर जाण्याआधीच ते अंतर संपतं. मधे कोणी घुसलं तर घुसू द्यावं. घुसखोरी इतकी होत असेल की सारखे ब्रेक लागतायत, तर तो रस्ता आणि ती वेळ एसीसीची नाही, बंद करावा.

कॅलिफोर्नियाकर

इथल्या एका अपघाताबद्दल लिहितो, कारण सह्यकडा यांनी सांगितलेला बाजूला सरकण्याचा प्रसंग त्यात तंतोतंत आहे. २२ जानेवारी २०१८, लॉस एंजेलिसजवळ कल्व्हर सिटी, ४०५ फ्रीवे. आधीच्या एका अपघातासाठी आलेला अग्निशमन दलाचा ट्रक लेनमध्ये उभा होता, दिवे चालू. टेस्ला मॉडेल एस ऑटोपायलटवर (टेस्लाची एसीसी आणि लेन राखणं एकत्र करणारी यंत्रणा) एका मोठ्या गाडीमागे ताशी ३४ किमीने चालली होती. पुढची गाडी लेन बदलून गेली. टेस्लाचा ठरवलेला वेग होता ताशी सुमारे १२९ किमी. रस्ता मोकळा झाला असं समजून तिने वेग वाढवायला घेतला आणि साधारण ५० च्या वेगाने ट्रकवर आदळली. टकरीचा इशारा वाजला तो आदळण्याआधी जेमतेम अर्धा सेकंद. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी अमेरिकेची सरकारी संस्था) सविस्तर चौकशी केली, त्यातली ही माहिती आहे.

हा दोष एका कंपनीपुरता नाही. २०१८ मध्येच इथल्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस संस्थेने टेस्ला, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि व्होल्वो यांच्या गाड्या तपासल्या. उभ्या गाडीसमोर काही प्रसंगी प्रतिसाद न देणाऱ्यांत महागातल्या महाग गाड्या होत्या. आणि उलटा प्रकारही दिसला. मॉडेल ३ ने १८० मैलांत १२ वेळा विनाकारण वेग कमी केला, त्यातल्या ७ वेळा रस्त्यावर झाडांची सावली होती. म्हणजे जिथे थांबायला हवं तिथे थांबत नाही आणि सावलीला थांबते. माझ्या मते हे दोन्ही दोष एकाच मुळातून येतात. गाळणी घट्ट केली तर उभा ट्रक सुटतो, सैल केली तर सावली अडकते.

टेस्लाच्या पुस्तकात हे लिहिलेलंही आहे. ताशी ८० च्या वर असाल, पुढची गाडी बाजूला झाली आणि समोर उभी गाडी आली, तर ब्रेक लागेलच असं नाही, अशा अर्थाचा इशारा आहे.

समतोल

धाग्याचा सूर जरा घाबरवणारा होतोय म्हणून दुसरी बाजू. मी पुण्याहून मुंबईला नेहमी जातो. एसीसीमुळे थकवा खरोखर कमी होतो. मुंबईत शिरताना ट्रॅफिकमध्ये थांब-चाल थांब-चाल करताना गुडघ्याला केवढा आराम मिळतो! आणि स्पष्ट सांगायचं तर आपल्याकडचे निम्मे चालक पुढच्या गाडीला चिकटून चालवतात. एसीसी त्यांच्यापेक्षा नक्कीच जास्त अंतर राखतो. लोकांना घाबरवून ही सोय बंद करायला लावलीत तर नुकसानच होईल.

सह्यकडा

@समतोल, बंद करा असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तुमचा ट्रॅफिकचा मुद्दा पूर्ण मान्य. हळू चालणाऱ्या रांगेत पुढची गाडी सतत नजरेत असते, वेग कमी असतो, तिथे एसीसी सर्वात चांगलं काम करतो. माझा आक्षेप 'पाय काढून घ्या' याला आहे.

थकवा कमी होतो हे खरं, पण त्याबरोबर लक्षही कमी होतं. वेगावरही परिणाम होतो. आयआयएचएसच्याच २०२१ च्या अभ्यासात एसीसी किंवा त्याच्या जोडीला लेन राखणारी यंत्रणा वापरताना चालक वेगमर्यादा ओलांडण्याची शक्यता २४ टक्क्यांनी जास्त निघाली. कारण सरळ आहे, एकदा ११५ लावला की तो ११५ च राहतो. हाताने चालवताना माणूस उतारावर, वळणावर, वस्तीजवळ आपोआप पाय सैल सोडतो.

जुना ड्रायव्हर

मंडळी, मी गाडी चालवायला लागलो तेव्हा पॉवर स्टिअरिंगही नव्हतं, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटेल. मुलाने नवी गाडी घेऊन दिली आहे. घाटात हे बटण चालू ठेवावं का? आणि पाय नेमका कुठे ठेवायचा?

रडारवाला

काका, प्रश्न अगदी महत्त्वाचा आहे. घाटात बंद ठेवा. कारणं दोन.

पहिलं वळणांचं. लांबवर बघणाऱ्या रडारची नजर अरुंद असते. वळणावर पुढची गाडी त्या नजरेतून बाहेर गेली की गाडीला वाटतं रस्ता मोकळा, आणि ऐन वळणात ती वेग वाढवते. किंवा उलट, शेजारच्या लेनमधला ट्रक सरळ समोर आल्यासारखा दिसतो आणि ती ब्रेक लावते. बोरघाटात तीन लेनमध्ये ट्रक ठासून भरलेले असतात, तिथे दोन्ही प्रकार बघायला मिळतात.

दुसरं उताराचं. तुम्ही उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी इंजिनावर धरता, तुमच्या पिढीला हे सांगायला नको. बऱ्याच गाड्यांत एसीसी उतारावर मुख्यतः चाकांच्या ब्रेकवरच वेग धरतो. लांब उतारावर ब्रेक तापतात. म्हणून तीव्र उतारावर वापरू नका असं जवळपास प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं.

पाय ब्रेकच्या समोर ठेवा, पेडलला न टेकवता. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवून बसू नका. बहुतेक गाड्यांत तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबून ठेवलात की एसीसी ब्रेक लावत नाही, कारण चालकाला पुढे जायचं आहे असं तो धरून चालतो. हे फार थोड्यांना माहीत असतं.

जुना ड्रायव्हर

धन्यवाद. हे अ‍ॅक्सिलरेटरचं खरंच कोणी सांगितलं नव्हतं. मुलालाही कळवतो, तो सवयीने पाय तिथेच ठेवतो.

ऋतुजा

माझे दोन प्रश्न. दसऱ्याला गाडीला हार घातला होता, तेव्हापासून दोन दिवस डॅशबोर्डवर रडार झाकला गेल्याचा संदेश येत होता. हार काढल्यावर गेला. म्हणजे हाराने खरंच फरक पडतो का? आणि पावसाळ्यात ताम्हिणीत हाच संदेश मधेच आला आणि एसीसी बंद पडला. तेव्हा गाडी ब्रेक लावते का?

रडारवाला

@ऋतुजाताई, हो, पडतो. अनेक गाड्यांत रडार पुढच्या लोगोच्या मागे किंवा बंपरच्या खालच्या जाळीमागे असतो, आणि हार नेमका तिथेच बांधतात. ओला झेंडू, ओली आंब्याची पानं यांतलं पाणी लहरी अडवतं. संदेश आला हे चांगलंच झालं. थोडंसंच झाकलं गेलं तर संदेश न येता नजर कमी होऊ शकते, ते जास्त वाईट. हार बॉनेटवर किंवा आरशाला बांधा, पूजा झाली की काढा.

याच कारणाने बंपरवर स्टिकर, जाडजूड नंबरप्लेट, पुढे लोखंडी गार्ड बसवू नका. गार्डवर तर २०१७ पासून बंदीच आहे. आणि सर्वात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे बंपरची दुरुस्ती. ठोकर लागली, गल्लीतल्या गॅरेजमध्ये पुट्टी भरून रंग मारला, बाहेरून नवा कोरा दिसतो. पण रडारसमोर पुट्टीचा आणि रंगाचा जाड थर आला, किंवा त्याचा ब्रॅकेट अंशभर वाकला, तर शंभर मीटरवर त्याची नजर जवळपास पावणेदोन मीटर सरकते. म्हणजे लेनची अर्धी रुंदी. तो शेजारच्या लेनमधली गाडी आपली समजू शकतो. काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (नेम पुन्हा जुळवून घेणं), बंपर काढला तर रडारचं, हे करून घ्यायचंच आणि त्याचा कागद मागायचा.

पावसाचं म्हणाल तर, मधेच बंद पडला तर बहुतेक गाड्यांत तो फक्त बाजूला होतो. आवाज होतो, संदेश येतो आणि वेग सांभाळणं, ब्रेक लावणं हे सगळं त्या क्षणापासून तुमच्याकडे येतं. काही गाड्या, विशेषतः ज्यांना इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक नाही, त्या ३० च्या आसपासच्या वेगाखालीही अशाच सोडून देतात. पुढची गाडी थांबतेय, आपली हळू होत होत ३० ला आली आणि तिथे एसीसी सुटला, तर शेवटचा ब्रेक तुम्हीच लावायचा असतो.

बोरघाट

सगळं वाचलं. रिझ्यूम बटणाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. एक्सप्रेसवेवर १०० लावलेला असतो, टोलला ब्रेक दाबून एसीसी सुटतो, बाहेर पडून गावातल्या रस्त्याला लागतो आणि सवयीने रिझ्यूम दाबला जातो. गाडीला जुना १०० आठवतो आणि ती त्या वेगाकडे झेपावते. एक्सप्रेसवे सोडला की एसीसी मुख्य बटणानेच बंद करावा, म्हणजे जुना वेग बहुतेक गाड्यांत पुसला जातो.

वऱ्हाडी पाहुणा

@रडारवाला, इगतपुरीच्या मोठ्या बोगद्याबद्दल सांगा. तिथे पुढे कोणीच नसताना गाडी मधेच हळू झाल्यासारखी वाटली.

रडारवाला

शक्य आहे. बोगद्याच्या भिंतींवरून लहरी परत येतात, नसलेली वस्तू दिसू शकते. बाहेर पडताना कॅमेऱ्यावर एकदम ऊन येतं, तेव्हाही काही क्षण त्याला कमी दिसतं. आठ किलोमीटरचा बोगदा आहे, तेवढ्यापुरता बंद ठेवलात तर काही बिघडत नाही.

ऋतुजा

आत्ता गाडीतून पुस्तक आणून एसीसीचं प्रकरण काढलं. सव्वा पान सोय कशी वापरायची आणि पुढे चार पानं इशारे. उभं वाहन, एकदम मधे येणारं वाहन, समोरून येणारं वाहन, दुचाकी, पादचारी, जनावरं, वळण, चढ-उतार, बोगदा, पाऊस, मागे बाहेर आलेला माल, सगळं आहे. पण सगळं इंग्रजीत आणि बारीक टाइपात. आमची गाडी आठवड्यातले चार दिवस बाबा चालवतात, त्यांना ते वाचता येणार नाही. या चार पानांचं मराठी करून इथेच टाकते, रविवारपर्यंत. रडारवाला, तांत्रिक शब्द तपासून द्याल का?

रडारवाला

नक्की. इथेच टाका, मी बघून दुरुस्त्या सुचवतो. उभ्या वाहनाचा आणि अ‍ॅक्सिलरेटरचा इशारा सर्वात वर घ्या. पुस्तकात ते मधेच कुठेतरी असतात.